गरजेचा लॅपटॉप, हौसेचा लॅपटॉप

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आमच्या धाकट्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. अल्हमदुलिल्लाह, मोहल्ल्यात मिठाई वाटून झाली, दादीने बलाएँ घेतली. त्याच रात्री दस्तरखान उचलायच्या आत त्याने मोबाइल आमच्यापुढे धरला. पडद्यावर एक काळा, कडेने लाल दिवे लागलेला लॅपटॉप होता. किंमत ९४ हजार. खाली ठळक अक्षरात लिहिले होते: गेमिंग.

"अब्बा, सब लोगाँ के पास यहीच है."

आम्ही नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिले. आमच्यातला एक अंबड तालुक्यातल्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, दुसरी जुन्या जालन्यातल्या घरी शिलाई करते. वीस जणांची, महिना तीन हजारांची आमची भिशी. त्याच महिन्यात ती आमच्या नावावर निघाली होती आणि ६० हजार रुपये कपाटात होते. मागच्या पावसाळ्यात स्वयंपाकघरावरचे पत्रे गळले होते. पैसे खरे तर त्या पत्र्यांसाठी होते.

आम्ही आधी 'गेमिंग' या शब्दालाच अडखळलो. खेळण्यासाठी भिशीचे पैसे? मुलगा म्हणाला, "अब्बा, नाम गेमिंग है, काम पढ़ाई का." आमचा विश्वास बसला नाही. पण वर्गात मुलांना 'आधी धडा वाचा, मग उत्तर द्या' असे सांगणाऱ्यांनी स्वतः न वाचता उत्तर द्यावे, हेही बरे दिसले नसते. आम्ही शंभर पानी वही काढली आणि शिकायला बसलो.

जे समजले ते शिलाईच्या भाषेत समजले. प्रोसेसर म्हणजे कारागिराचे हात. स्टोरेज म्हणजे कापडाचे कपाट, सगळा माल तिथे पडून असतो. मेमरी, म्हणजे रॅम, हे कापड पसरायचे टेबल. टेबल लहान असले तर हात कितीही चपळ असोत, दर वेळी एक कापड गुंडाळून कपाटात ठेवायचे आणि दुसरे काढायचे. आमचा २०१९ चा जुना लॅपटॉप चार जीबी रॅमवर याचमुळे रडत होता. आम्ही समजत होतो, तो म्हातारा झाला.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे फक्त जरीकाम करणारा वेगळा कारागीर. चित्र, त्रिमितीय आकार, सावली, प्रकाश ही कामे तो करतो. त्याचे स्वतःचे छोटे टेबल असते, त्याला व्हीरॅम म्हणतात. गेमिंग लॅपटॉप महाग असतो तो मुख्यतः या कारागिरामुळे आणि त्याला थंड ठेवणाऱ्या पंख्यांमुळे. मुलाचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे निघाले. खेळातली गाडी पळवायला जो कारागीर लागतो, तोच इमारतीचे त्रिमितीय चित्र रंगवायलाही लागतो.

शनिवारी थोरली हॉस्टेलवरून घरी आली. ती औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रात्री तिने आमची वही उघडली, पेन मागितला आणि भराभर दुरुस्त्या करायला लागली.

पहिली दुरुस्ती: ग्राफिक्स कार्डच्या नावापुढे वॅट लिहा. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०५० हे एकच नाव असलेले कार्ड कंपनी आपल्या लॅपटॉपमध्ये ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही ताकदीवर बसवू शकते. खोक्यावर नाव तेच असते, काम मात्र सारखे होत नाही.

दुसरी: रॅम नंतर वाढवता येते, व्हीरॅम कधीच नाही. ती जन्मतः जेवढी आहे तेवढीच. म्हणून पैसा कमी असेल तर आधी कार्ड पाहायचे, मग रॅम.

तिसरी: सगळ्याच लॅपटॉपमध्ये रॅम वाढत नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच डाखलेली असते. म्हणून दुकानात तीन प्रश्न विचारायचे. स्लॉट किती? त्यातला रिकामा किती? जास्तीत जास्त किती जीबी चालते? शिवाय डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही, म्हणून जातही लिहून घ्यायची.

चौथी: १६ जीबीची एक पट्टी आणि आठ-आठच्या दोन यात फरक आहे. दोन पट्ट्या असल्या की माहितीची ये-जा दोन वाटांनी होते आणि वेग वाढतो. पण दोन्ही स्लॉट भरले की पुढे वाढवताना जुनी पट्टी काढून टाकावी लागते.

शिलाई मशीनवरून मान वर करून तिच्या अम्मीने विचारले, "तुझे इत्ता कैसे मालूम?"

ती हसली. "एक साल से देख रही, अम्मी. देखने को पैसे नै लगते."

घरात थोडा वेळ कोणी बोलले नाही.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. दुसऱ्या वर्षापासून तिचे बरेचसे काम कॉम्प्युटरवर आले होते. रेव्हिट नावाचे सॉफ्टवेअर लागते. विद्यार्थ्यांना ते फुकट मिळते, पण त्याला कमीत कमी १६ जीबी रॅम हवी. घरचा चार जीबीचा लॅपटॉप ते उघडतही नव्हता. ती कॉलेजच्या लॅबमध्ये बसायची. लॅब बंद झाली की खोलीतली मैत्रीण झोपायची वाट पाहायची, मग तिचा लॅपटॉप घ्यायची. एका चित्राला कधी तीन तास लागायचे, तोवर ती जागी. आम्ही फोनवर रोज विचारत होतो, जेवलीस का, नमाज झाली का, अभ्यास कसा चाललाय. 'अभ्यास कशावर करतेस', हे वर्षभरात एकदाही विचारले नव्हते.

तिने मागितले नाही आणि आम्ही ते समाधान समजलो. त्याने मागितले आणि आम्ही वही घेऊन बसलो.

त्या रात्री नुअमान बिन बशीर (रजि.) यांचा तो प्रसंग आठवला, जो आम्ही स्वतः कितीतरी वेळा मुलांना सांगितला आहे. त्यांच्या वडिलांनी त्यांना एक भेट दिली आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांना साक्षी ठेवायला गेले. प्रेषितांनी (स.) विचारले, सगळ्या मुलांना असेच दिले आहे का? उत्तर नाही असे आले, तेव्हा त्यांनी साक्षी व्हायला नकार दिला आणि मुलांमध्ये न्याय करायला सांगितले. जाणकार यातला एक बारकावाही सांगतात. भेट द्यायची तर बरोबरीने द्यावी, गरजेचा खर्च मात्र ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे असतो. आजारी मुलाला औषध आणले म्हणून निरोग्यालाही तेवढ्याच पैशांचे औषध कोणी आणत नाही.

मग आमचा प्रश्न बदलला. कोणता लॅपटॉप चांगला, हे बाजूला राहिले. या लॅपटॉपमधला कुणासाठी किती भाग गरज आणि किती भाग हौस, हे पाहायचे होते. वहीत दोन रकाने आखले. धाकट्याला पहिल्या वर्षी सी आणि पायथन शिकायचे होते. त्याला चांगला प्रोसेसर, पुरेशी रॅम आणि एसएसडी हवी, ग्राफिक्स कार्डाची गरज नव्हती. थोरलीला कार्ड, १६ जीबी रॅम आणि खरे रंग दाखवणारा पडदा, तिन्ही हवे होते. लाल दिवे दोघांच्याही रकान्यात बसेनात.

मुलगा म्हणाला, "पुढे लागेल ना. एकदाच भारी घेऊन टाकू."

थोरली त्याला म्हणाली, "स्लॅब में कॉलम का लोहा नै डालते, भाई."

जालन्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या रोलिंग मिलमधून ८ मिलीमीटरची सळई निघते तशी ३२ मिलीमीटरचीही निघते. म्हणून कोणी दोन खोल्यांच्या घराला पुलाची सळई घालत नाही. जाड सळई वाईट नसते, चुकीच्या जागी ती फक्त महाग असते.

आम्ही चौघे दुकानात गेलो. थोरली प्रश्न विचारत होती आणि विक्रेता उत्तरे धाकट्याकडे पाहून देत होता. दोन-तीन वेळा असे झाल्यावर धाकटाच म्हणाला, "उसको बोलो भैया, मेरे को नै समझता." त्याचा राग अजून गेला नव्हता, तरी तो हे बोलला. आम्हाला बरे वाटले.

विक्रेत्याने ९४ हजारांचा लॅपटॉप नो-कॉस्ट ईएमआयवर घ्या असे सुचवले. आम्ही कागद मागितला. अशा योजनेत बहुधा बँक व्याज लावतेच, फक्त तेवढी सूट किमतीत दाखवलेली असते. शिवाय प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. ज्या कागदावर व्याज लिहिलेले आहे त्यावर सही करायची नाही, हे आमच्या घरात आधीच ठरलेले आहे. जेवढी भिशी तेवढीच झेप.

शेवटी आरटीएक्स ३०५०, सहा जीबी व्हीरॅम, १६ जीबी रॅमची एकच पट्टी आणि एक स्लॉट रिकामा, असा लॅपटॉप ६८ हजारांना घेतला. वरचे आठ हजार शिलाईच्या डब्यातून आले. लॅपटॉप थोरलीचा झाला. जुन्या लॅपटॉपमध्ये आठ जीबीची पट्टी आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. सगळे मिळून पाच हजारांच्या आसपास खर्च आला. जो लॅपटॉप सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा, तो आता अर्ध्या मिनिटात उघडतो. तो धाकट्याचा. पत्र्यांवर या वर्षीही प्लास्टिकच अंथरले.

सगळे आनंदात झाले असे सांगितले तर खोटे होईल. धाकटा दोन दिवस धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, "मला गेम आवडतात, हे वाईट आहे का?" आम्ही नाही म्हणालो. हौस असणे गुन्हा नाही. फक्त घरातल्या दुसऱ्याच्या गरजेच्या पुढे ती उभी राहू शकत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर त्याच्यासमोर लिहून दिले: पुढची भिशी निघेल तेव्हा आधी तुझा रकाना पाहू. त्याने खाली तारीख घातली. त्याच रविवारी त्याने स्वतः छोटा स्क्रूड्रायव्हर आणून आपाच्या लॅपटॉपचे झाकण उघडले आणि रिकामा स्लॉट कुठे आहे ते तिला दाखवले.

आमचा एक अंदाज मात्र चुकला, तोही सांगायला हवा. दुसरी पट्टी थंडीत घेऊ म्हणून थांबलो होतो. जानेवारीत विचारले तर भाव तिपटीहून वर गेलेला. जगभर कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मोठमोठी डेटा सेंटर उभी राहत आहेत. मेमरी बनवणाऱ्या मोजक्या कंपन्या आपला माल तिकडे वळवत आहेत. मायक्रॉनसारख्या कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले की सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँड ती बंद करणार. कुठेतरी दूर कोणी यंत्राशी गप्पा मारतो आणि जुन्या जालन्यातली रॅमची पट्टी महाग होते. आमची दुसरी पट्टी अजून आलेली नाही. स्लॉट रिकामाच आहे.

म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, आमच्या चुकीतून एवढे घ्या. जेवढी मेमरी पहिल्या वर्षी नक्की लागणार आहे तेवढी पहिल्याच दिवशी घ्या. 'कदाचित लागेल' तेवढ्यासाठीच स्लॉट रिकामा ठेवा. तो मोकळा असला तरी उद्याचा भाव आपल्या हातात नसतो. गेमिंग लॅपटॉप घेतलाच तर त्याचे वजन दोन-सव्वादोन किलो, वर जाडजूड अडॅप्टर, आणि बॅटरी जड कामात तास-दीड तासाची, हे धरून चाला. वीज गेली की घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर त्याचा भार पंखा-दिव्यासारखा नसतो. आपल्याकडचा उन्हाळा आणि धूळ लक्षात घेऊन तो गादीवर ठेवू नका, जाळी वरचेवर साफ करा.

आणि दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ काढा. ज्याने मागितले आहे त्याच्याशी बोलालच. ज्याने मागितलेले नाही त्याच्याजवळही बसा आणि विचारा, तुझे कसे चालले आहे, कशावर चालले आहे. आम्हाला हे कळायला एक वर्ष उशीर झाला.

परवा रात्री थोरलीचा फोन आला. चित्र चाळीस मिनिटांत तयार झाले होते आणि ती झोपायला निघाली होती. वाजले होते साडेदहा.