हाली आणि लग्नगडी

आमच्या सोनकच्छकडे शेतावर सालाने ठेवलेल्या गड्याला ‘हाली’ म्हणतात. लहानपणापासून ऐकलेला, अगदी घरगुती शब्द. वेठबिगारी रद्द करणाऱ्या १९७६ च्या कायद्यात अशा पद्धतींची नावे दिली आहेत. त्यांत ‘हाली’ वाचला आणि मी थबकलो.

पुढे गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचले. त्यात ठाणे जिल्ह्यातले ‘लग्नगडी’ भेटले. लग्नासाठी वारली तरुण जमीनदाराकडून कर्ज घेई आणि ते फेडायला नवरा-बायको दोघेही त्याच्याकडे राबत. हिशेब मालकाच्या वहीत, आणि वारल्याला अक्षरओळख नाही. मग कर्ज फिटणार कसे?

दुसऱ्या महायुद्धाचे ते शेवटचे वर्ष. महागाई भडकली होती, पण जंगलातल्या या माणसांना वेठ चुकली नव्हती. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिला काही वारलीही आले. मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि ठरले: वेठ करायची नाही, मजुरी रोख घ्यायची. पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. मागणी साधी होती, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. जपानच्या शरणागतीला तेव्हा जेमतेम महिना उलटला होता.

मला त्या मागणीतला आकडा महत्त्वाचा वाटतो. इतक्या वजनाला इतके पैसे, असे एकदा ठरले की मालकाची वही एकटी बोलू शकत नाही.

गोदावरीबाई पुण्याच्या गोखल्यांच्या, कायदा शिकलेल्या. आपल्यासारख्याच मध्यमवर्गीय मराठी घरातून त्या वारल्यांच्या झोपडीत राहायला गेल्या.

माळव्यात आपली कित्येक घराणी पवार, होळकर, शिंद्यांबरोबर आली. कुणाला इनाम मिळाले, कुणाला गावकी. वंशावळी आपण हौसेने जपतो, पण त्या जमिनी नांगरल्या कुणी, हे तीत नसते. तुमच्याकडे शेती असेल, तर या सुट्टीत आजी-आजोबांना एवढे विचारा: आपला हाली कोण होता, त्याने उचल किती घेतली होती आणि ती कधी फिटली?