वाट्या बदलायचं वय

आमच्या सांगलीकडे गुडघ्याचं ऑपरेशन असं कुणी म्हणत नाही. ‘वाट्या बदलल्या’ म्हणतात. हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते १९९१ साली, आत्यापायी. ती तेव्हा ४४ वर्षांची होती आणि आमवातानं तिचे दोन्ही गुडघे खाल्ले होते. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, ‘‘ताई, साठीपर्यंत कळ काढा. आत्ता बसवले तर दहा-पंधरा वर्षांत पुन्हा उघडावे लागतील, आणि दुसऱ्या खेपेला धरायला हाड कमी उरतं.’’

आत्यानं कळ काढली. निर्गुडीचा पाला, वाळूचा शेक, वेदनाशामक गोळ्या, त्यांनी बिघडलेलं पोट. परसातल्या संडासात बसता येईना म्हणून सुतारानं मध्ये भोक पाडलेलं लाकडी स्टूल करून दिलं. गौरी जागवायच्या रात्री झिम्मा-फुगडीत जिच्यापुढे कुणी टिकत नसे, ती आता भिंतीकडेच्या उंच खुर्चीवरून नुसती गाणी सांगायची. आवाज तोच, खणखणीत.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. सांध्यात धातूच्या मधे जे प्लास्टिक असतं, तेच तेव्हा दगा द्यायचं. ते निर्जंतुक करायला हवेतच गॅमा किरण देत. ऑक्सिजन लागून ते ठिसूळ व्हायचं आणि झिजून त्याची भुकटी पडायची. त्या भुकटीशी शरीर झुंजायला लागलं की आजूबाजूचं हाड विरघळायचं, सांधा ढिला व्हायचा. तरणा माणूस जास्त चालणार, जास्त जगणार. म्हणून त्यालाच थांबायला सांगत. २००० साली वाजपेयींचा गुडघा मुंबईत ब्रीच कँडीत बदलला तेव्हा घरोघरी वाट्यांची चर्चा झाली, पण तेही ७५ वर्षांचे होते.

आत्याच्या वाट्या २००७ साली बदलल्या, साठी गाठल्यावर. २०२१ मध्ये ती गेली तेव्हा दोन्ही सांधे ठणठणीत होते. सोळा वर्षं तिनं वाट पाहिली आणि चौदा वर्षं ते वापरले. हा हिशेब मला अजून झोपू देत नाही.

मागच्या वर्षी तिच्या मुलीचा, माझ्या आतेबहिणीचा गुडघा त्याच वळणावर आला. वय ५३. नव्या डॉक्टरांनी वयाआधी विचारलं, ‘‘रात्री झोप लागते का? जिना चढता येतो का?’’ मग आकडे मांडले. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून २०१९ साली निघालेला अंदाज असा, की शंभरातले साधारण ८२ गुडघे २५ वर्षं टिकतात. मात्र त्यात बहुतेक रुग्ण वयस्कर. ब्रिटनमधल्या रुग्णांचा २०१७ सालचा अभ्यास वयानुसार सांगतो: सत्तरीनंतर बसवलेल्यांत जन्मभरात पुन्हा ऑपरेशनची वेळ येते ती शंभरात सुमारे पाच जणांवर, पन्नाशीच्या सुरुवातीला बसवला, तर बायकांत सुमारे वीस आणि पुरुषांत पस्तिसापर्यंत. म्हणजे धोका आहेच. प्लास्टिक सुधारलं, पण जंतुसंसर्ग आणि ढिला होणं संपलेलं नाही. मांडी घालून बसणं तर बहुतेकांना तेव्हाही जमत नसे, आजही जमत नाही.

बहीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘सत्तरीत पुन्हा उघडायला लागला तर उघडू. आईसारखी ही वर्षं मी खुर्चीत नाही घालवणार.’’

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. पहिले दोन महिने व्यायामाच्या वेळी ती रडायची. गुडघा वाकवताना जीव जातो, हे कुणी आधी नीट सांगत नाही.

गौरीच्या रात्री ती रिंगणात उभी होती. उड्यांना मनाई, म्हणून जागेवरूनच समोरच्या पोरीच्या हातावर टाळ्या देत होती. आत्याची उंच खुर्ची भिंतीकडे होती आणि तिच्यावर बायकांनी आपापल्या पिशव्या ठेवल्या होत्या.