सज्ज्याला रंग

माणसाने विहीर खणावी, मुलीचे लग्न ठरवावे, प्रसंगी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीलाही उभे राहावे. पण घरातल्या चार माणसांना एकत्र बसवून ‘सज्ज्याला कोणता रंग द्यायचा?’ असे कधी विचारू नये. मी विचारले.

आमचे भोकरचे घर जुने. खाली दगडी जोते, वर माडी आणि माडीला रस्त्याच्या अंगाने लाकडी सज्जा. आजोबांनी तो निजामाच्या राज्यात बांधला. सागवानी फळ्या किनवटच्या जंगलातून बैलगाडीने आल्या, असे आई सांगते. गाडीला किती दिवस लागले, हा आकडा मात्र दर दिवाळीला एकेकाने वाढत जातो. त्या फळ्या आता उन्हापावसाने राखेसारख्या करड्या पडल्या होत्या आणि वळचणीखाली जुन्या व्हार्निशचे पापुद्रे सुटले होते. पावसाळ्याआधी काहीतरी करणे भाग होते.

“चॉकलेटी द्या. धूळ दिसत नाही,” बायको म्हणाली. धूळ झाडण्यापेक्षा ती न दिसण्याची सोय करावी, हे तिचे धोरण मला नवीन होते.

पुण्याच्या धाकट्या भावाने फोनवरून ‘अक्रोडी’ सुचवला. भोकरात अक्रोड दिसतो तो फक्त किराणा दुकानाच्या बरणीत! चिरंजीवांना मधाचा रंग हवा होता. समोरचे निवृत्त गुरुजी म्हणाले, “हिरवा ऑइलपेंट मारा. शाळेच्या फळ्यांना आम्ही तोच देत होतो.” म्हणजे आम्ही सज्ज्यावर बसायचे की खडूने पाढे लिहायचे?

शेवटी नांदेडहून शेडकार्ड आणले. त्यावर ‘सागवान’ नावाचे चार रंग होते आणि त्यांतला एकही आमच्या सागवानासारखा नव्हता.

मग पॉलिशवाले मिस्त्री आले. कार्डाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. “मालक, तांब्याभर पाणी द्या.” उन्हातून आलेत, तहान लागली असेल म्हणून गार पाणी दिले, तर त्यांनी ते फळ्यांवर ओतले! उन्हाच्या बाजूला पाणी मुरले, वळचणीखाली थेंब तसेच उभे राहिले.

“जिथं पाणी मुरलं, तिथं तेल मुरंल. जिथं थेंब हुबा हाय, तिथं जुनं व्हार्निश अजून जितं हाय. ते घासून काढावं लागंल.”

पुढचा अर्धा तास मिस्त्रींनी आमची शिकवणी घेतली. लाखेचे पॉलिश घरातल्या कपाटाला शोभते. उघड्यावर पाणी लागले की ते पांढरे पडते. व्हार्निशची वर साय धरते. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. सायीला ते झेपत नाही, ती तडकते आणि तडकलेल्या जागी पाणी शिरून बसते. त्यापेक्षा आत मुरणारे जवसाचे तेल बरे. ते पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते.

“मग घरातलं शेंगदाण्याचं चालेल का?” बायकोने काटकसर सुचवली.

“चालंल की. पर वाळणार न्हाई. बसलेला मानूस उठायचा न्हाई.”

शिवाय नुसत्या तेलाने ऊन थांबत नाही. त्यात थोडा रंग लागतो, म्हणजे उन्हाचा मार रंगाचे कण आपल्या अंगावर घेतात. तो कोणता, हे कार्डावर ठरवायचे नाही, याच लाकडावर लावून पाहायचे. मिस्त्रींनी चार फळ्या घासल्या आणि चार नमुने लावले. आठ दिवसांनी मतदान घ्यायचे ठरले.

ते झालेच नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी आई नेहमीप्रमाणे सज्ज्यात आपल्या जागेवर बसायला निघाली. ऐंशी ओलांडलेली, एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याचे ‘पुढच्या वर्षी’ म्हणून तीन वर्षे राहिलेले. चॉकलेटी फळीपाशी ती थबकली. एक पाय उचललेला तसाच ठेवून तिने कठडा घट्ट धरला.

“हितली फळी काढलीस का रे? खड्डा दिसायलाय.”

कोणी काही बोलले नाही. आम्ही धूळ लपवायला निघालो होतो आणि तिच्या पायाखालची जमीनच काढून घेत होतो. बायकोने पुढे होऊन तिचा हात धरला आणि म्हणाली, “चॉकलेटी नको.” आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षे झाली, तिने मत मागे घेतल्याचे मी प्रथमच ऐकले.

जवसाचे तेल, पातळ करायला टर्पेंटाईन, चिमूटभर गेरू आणि थोडी रामरज असे ठरले. मिस्त्रींनी हात मारून जास्तीचे तेल पुसले आणि तेलकट चिंध्या भिंतीवर सुट्या पसरून वाळत घातल्या. चुरगाळून कोपऱ्यात टाकल्या, तर आतल्या आत तापून आपोआप पेटतात म्हणे. घरातल्या वादांचेही तसेच असते.

सज्जा तयार झाला. कपाळावरून हात फिरवून उठवावे तसे ते जुने सागवान जागे झाले होते. दुसऱ्या दिवशी गुरुजी रस्त्यात उभे राहून वर पाहत ओरडले, “छान घासलंत हो लाकूड! आता रंग कधी देणार?”

मिस्त्रींचे बिल माझ्या खिशात होते. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात वरून आईच बोलली,

“द्यायचा न्हाई, मास्तर. मला दिसायलंय की सगळं!”