आजोबांची ब्राउनिंग

तिगावच्या आमच्या घरी आजोबांची बारा बोअरची ब्राउनिंग ऑटो-५ आहे. जॉन ब्राउनिंगने १९०० साली जिचे पेटंट घेतले, त्याच बनावटीची, बेल्जियममध्ये घडलेली. संत्र्याच्या बगिच्यात शिरणारी रानडुकरे हाकलण्यासाठी तिचे बार काढले जात. पोलाद अजून निकोप आहे. नळीखालचे लाकूड मात्र तडकलेले आहे, आणि तो अपराध माझा.

बार उडताच या बंदुकीची नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकूनच मागे सरकतात. मग नळी आधी पुढे जाते, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि बोल्ट नवे काडतूस घेऊन परततो. नळीचा धक्का झेलतात ते स्प्रिंग, काशाचा एक तुकडा आणि एक पोलादी कडे. जड काडतुसांसाठी हे कडे स्प्रिंग आणि काशाच्या मध्ये हवे. हलक्यांसाठी स्प्रिंगच्या मागे. आजोबा दरवेळी ते तपासत. (बंदूक उघडली की ते कोणाशी बोलत नसत.) त्यांच्या पश्चात मी ती साफ केली, कडे मागेच राहू दिले आणि जड काडतुसे भरली. चौथ्या बाराला लाकूड तडकले.

निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा होते. परत आणली की मी आधी पुढची टोपी फिरवून काढतो आणि कडे कोठे आहे, ते मुलीला पाहायला सांगतो.