अज्ञातवासींचे घर

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची ओळख करून देताना सहसा संख्या आधी सांगितली जाते : वस्तू २०,०००हून अधिक, त्यांपैकी मांडलेल्या सुमारे २,५००. आम्हांला मात्र तेथे एक टोपणनाव आठवते. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. १९२०च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला आरंभ केला, घरातच हा संसार वाढू दिला, आणि पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. संग्रहालयाला नाव दिले ते अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे.

कोथरूडहून आणून येथे पुन्हा उभारलेल्या मस्तानी महालापाशी प्रेक्षक थबकतो, कारण तेथे एक नाव आहे. अडकित्ते, दिवे, वज्री यांच्यापाशी तसे नाव नाही. वज्री म्हणजे अंग आणि टाचा घासण्याचे साधन. त्याची घासणारी बाजू खरखरीत असली की काम भागते. तरीही कुणा कारागिराने तिच्या पाठीवर पक्षी बसवला. हा पक्षी दिवाणखान्यात मिरवण्यासाठी नव्हता. न्हाणीघरात, न्हाणाऱ्याच्या मुठीपाशीच त्याचे आयुष्य गेले.

अशा कामाला आपण 'उपयोजित' किंवा 'शोभेची' कला म्हणतो आणि 'ललित' हा शब्द चित्रशिल्पांसाठी राखून ठेवतो. साहित्याच्या वर्गातही आपण हेच करतो. जात्यावरची ओवी 'लोकसाहित्या'त जाते, कविता 'काव्या'त. 'लोक' म्हटले की रचणारी एकटी बाई दिसेनाशी होते. जणू ओवी परंपरेने आपोआप रचली! परंतु परंपरेला हात नसतात. एका अडकित्त्याला मोराचा आकार मिळतो, दुसऱ्याला घोड्याचा. हा निर्णय दर वेळी कुणीतरी घेतलेला असतो.

स्वतः कवी असलेल्या संग्राहकाने हे ओळखले असावे, असे आम्हांला वाटते. एकाच जातीच्या इतक्या वस्तू त्याने का जमवाव्यात? नमुना म्हणून एक पुरली असती. अनेक शेजारी ठेवल्या म्हणजेच त्यांतला फरक बोलू लागतो, आणि त्या फरकातच करणाऱ्याची सही असते.

म्हणून आमची अध्यापक मित्रांना एक सूचना आहे. विद्यार्थ्यांना तेथे न्यावे, दोन अडकित्त्यांसमोर उभे करावे आणि त्यांतल्या भेदावर एक पान लिहावयास सांगावे. ज्याला ते साधेल, त्याला दोन ओव्यांतला भेदही वाचता येईल.