पेटवणारे शहाणे

शहरातल्या माणसाची विस्तवाशी ओळख आता फार थोडी उरली आहे. गॅसची कळ फिरवली की निळी ज्योत हजर! देवापुढलं निरांजन आणि दिवाळीतल्या फुलबाज्या सोडल्या, तर आगीची गाठ पडते ती वर्तमानपत्रात, आणि तीही बंबाच्या सोबतीने. म्हणूनच, रान जगावं यासाठी रान पेटवणाऱ्या लोकांचं मला मोठं कौतुक वाटतं.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आर्नहेम लँड नावाचा मुलूख आहे. त्याच्या पश्चिमेला कातळाचं विस्तीर्ण पठार. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस, मग उंच वाढलेलं गवत वाळू लागतं. तिथले आदिवासी हजारो वर्षं मे-जूनमध्येच, गवत अर्धं ओलं असताना, चालता चालता इथे थोडं, तिथे थोडं पेटवीत जात. ही आग बुटकी. रेंगाळत पसरायची नि रात्री दव पडलं की आपली आपणच विझायची. पुढे ऑगस्टनंतर तापल्या वाऱ्यावर वणवा आला, तरी या जळलेल्या पट्ट्यांपाशी त्याला खायला काही उरत नसे. शिवाय कोवळं गवत फुटे आणि कांगारू चरायला येत. आपल्याकडे कोकणात राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. वारा पडल्याशिवाय आणि हिरवा टहाळा हाताशी असल्याशिवाय तोही काडी ओढत नाही.

विसाव्या शतकात मिशनांनी, गावांनी आणि नोकऱ्यांनी ही माणसं पठारावरून खाली ओढली. पेटवणारं कोणी राहिलं नाही. आग मात्र राहिली! ती उशिरा, अक्राळविक्राळ होऊन येऊ लागली आणि अनबिनिकच्या जुन्या झाडांची बनं होरपळू लागली. घर रिकामं पडलं की वाळवी लागते, तसंच हे. शेवटी बार्डायल नजामेरेक हे झाडाच्या सालीवर चित्रं काढणारे नामांकित वृद्ध चित्रकार आपल्या माणसांना घेऊन पठारावर परतले.

2006 साली एक करार झाला. डार्विनच्या गॅस कारखान्याने 17 वर्षं दरसाल सुमारे दहा लाख डॉलर द्यायचे, आणि या लोकांनी सुमारे 28,000 चौरस किलोमीटर मुलखात वेळेवर आग लावायची. हिशेब सरळ आहे. उशिराच्या वणव्यात जास्त रान जळतं, म्हणून मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही हवेत जास्त जातात. लवकरच्या आगीने जेवढं वाचेल, ते कारखान्याच्या धुराच्या खात्यात वजा. आता उपग्रहाचे नकाशे आले, हेलिकॉप्टरमधून ठिणग्या टाकतात. पण कुठली घळ राखायची, कुठलं गवत तयार झालं, हे विचारायचं ते म्हाताऱ्यांनाच.

मला यातला पैसा किंवा यंत्र तितकंसं मोठं वाटत नाही. मोठी वाटते ती एक साधी गोष्ट: हे ज्ञान पुस्तकात मावणारं नव्हे, ते पायी हिंडताना हातातून हातात जातं. एक पिढी खाली शहरातच राहून गेली असती, तर करार करायला माणूसच सापडला नसता. नजामेरेक 2009 साली वारले. आज त्या पठारावर मुलांची शाळा भरते.