जर्मनीतलं 'तू' आणि 'तुम्ही'

पुण्याहून जर्मनीला संशोधनासाठी जायची वाट जुनीच. इरावतीबाई कर्वे बर्लिनला गेल्या होत्या. पुढे मीही त्याच गावी गेले.

जर्मन भाषेतही आपल्यासारखं 'तू' आणि 'तुम्ही' आहे बरं का! 'डू' म्हणजे तू, 'झी' म्हणजे तुम्ही. पण तिथं ओळख नसेल तर आजीसुद्धा तरुण मुलीला अहोजाहो करतात. अरेतुरेवर यायचं, तर आधी मोठ्यानं सुचवायचं. शेजारच्या आजी जिन्यात भेटल्या की मला 'झी' म्हणत. वाटायचं, आपण परक्याच!

तिकडे ज्याचा वाढदिवस, त्यानंच केक आणायचा. माझ्या वाढदिवसाला मी केक घेऊन आजींचं दार वाजवलं. त्या हसून म्हणाल्या, "आता मला 'डू' म्हण हं!"

तुमच्या वर्गात कुणी परगावचं आलंय? मग आधी कोण बोलणार?